निकालाआधीचा प्रवेश

परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जाणे ही आपल्या मराठी घरांना नवी गोष्ट नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे आयआयटीतून किंवा व्हीजेटीआयमधून इंजिनियर होऊन अमेरिकेत एम. एस. करायला जाणारी मुले तर आमच्या पार्ल्याच्या एकेका इमारतीतून दोन-दोन निघाली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. जाणारा पदवीधर होता, विशी ओलांडलेला होता आणि पदवीचा पक्का आधार घेऊन अर्ज करत होता.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यात मोठा बदल झाला. आता मुले बारावीनंतरच जातात, म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी. आणि त्यातली बरीचशी मुले आपल्या एचएससी बोर्डाची नसतात, तर आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमाची असतात.

विलेपार्ल्यात हा बदल डोळ्यांसमोर घडला. रेल्वेच्या पूर्वेला १९२१ साली सुरू झालेले पार्ले टिळक विद्यालय आहे. तिथून मॅट्रिक, पुढे एसएससी झालेल्यांच्या कित्येक पिढ्या इथे नांदल्या. पश्चिमेला, जुहू-पार्ले स्कीमच्या बाजूला, जमनाबाई नरसी आणि इकोल मोंडिआलसारख्या शाळांमधून आयजीसीएसई आणि आयबी हे शब्द आले. सुरुवातीला ते मोठ्या पगारदारांच्या आणि उद्योजकांच्या घरात बोलले जात. आता ते पूल ओलांडून पूर्वेलाही आले आहेत. २०२२ मध्ये तर मुंबई महापालिकेनेच आपल्या शाळांत हे अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली. माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेसाठी केंब्रिज आणि आमच्या पार्ल्यातल्या दीक्षित रोडच्या शाळेसाठी आयबी अशी ती योजना होती.

मी पार्ले पूर्वेला राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या घरांतली मुले आणि त्यांचे आईवडील कागदांची फाइल घेऊन येतात आणि बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात, "सर, आयबी केलं की परदेशात अॅडमिशन नक्की ना?"

याचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. आयबी किंवा ए-लेव्हल हे प्रवेशाचे तिकीट नव्हे. परदेशी विद्यापीठाला ते ओळखीचे असते, एवढाच त्याचा मुख्य फायदा. प्रवेश ठरतो तो तीन गोष्टींवर : अकरावीच्या आरंभी कोणते विषय घेतले, परीक्षेच्या आधी शाळेने किती गुणांचा अंदाज दिला, आणि अर्ज कोणत्या तारखेला गेला. या तिन्ही गोष्टी निकाल लागण्यापूर्वी होऊन जातात. आपली घरे मात्र पिढ्यान्पिढ्या उलट्या क्रमाला सरावलेली आहेत. आधी परीक्षा, मग निकाल, मग पेढे, मग फॉर्म आणि मग गुणवत्ता यादी. हा क्रम डोक्यात ठेवून परदेशाचा विचार करणारी घरे कष्ट आणि पैसा यांत कमी पडत नाहीत, वेळेत कमी पडतात.

आधी हे दोन अभ्यासक्रम काय आहेत ते पाहू.

आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. १९६८ साली जिनिव्हात ही संस्था स्थापन झाली. वकिलातींत, आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांची मुले दर दोन-तीन वर्षांनी देश बदलत. त्यांना कुठेही चालेल असे एक शालान्त प्रमाणपत्र हवे होते. त्या गरजेतून हे निघाले. भारतात कोडाईकॅनल इंटरनॅशनल स्कूलने १९७६ मध्ये ते आणले. आपल्याकडे पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ मध्ये सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज याच अभ्यासक्रमाचे.

आयबीचा डिप्लोमा अकरावी-बारावीचा, दोन वर्षांचा असतो. विषय सहा. त्यांतले सहसा तीन 'हायर लेव्हल'ला, म्हणजे खोलात, आणि तीन 'स्टँडर्ड लेव्हल'ला. प्रत्येक विषयाला १ ते ७ गुण, म्हणजे सहा विषयांचे ४२. याखेरीज चार हजार शब्दांपर्यंतचा एक शोधनिबंध आणि 'ज्ञान म्हणजे काय, ते आपल्याला कसे होते' याचा विचार करायला लावणारा एक विषय, या दोहोंचे मिळून ३. एकूण ४५. डिप्लोमा मिळण्यासाठी किमान २४ गुण लागतात आणि तीन हायर विषयांत मिळून किमान १२. खेळ, कला, समाजसेवा यांना गुण नाहीत, पण ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही.

दुसरा रस्ता केंब्रिजचा. केंब्रिज विद्यापीठाचे परीक्षा मंडळ १८५८ पासून आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत 'सीनियर केंब्रिज' झालेल्या माणसाला जो मान असे, तो याच मंडळाच्या परीक्षेचा. आज त्यांची आयजीसीएसई ही साधारण दहावीच्या तोडीची आणि ए-लेव्हल बारावीच्या तोडीची परीक्षा. ए-लेव्हलला मुले सहसा तीन किंवा चार विषय घेतात आणि त्यातच खोल जातात. ज्याला आपला विषय पक्का ठाऊक आहे त्याला हे बरे पडते. ज्याचे अजून ठरायचे आहे त्याला आयबीचे सहा विषय जास्त दारे उघडी ठेवतात. निदान तसे वाटते. ते कितपत खरे, हे विषय कोणते घेतले यावर अवलंबून आहे.

गणिताचेच उदाहरण घेतो, कारण तो माझा विषय. आयबीने २०१९ पासून गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम केले. एकाचे नाव 'अॅनालिसिस अँड अॅप्रोचेस', दुसऱ्याचे 'अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन'. पहिल्यात बीजगणित, कलन आणि सिद्धता यांवर भर आहे. दुसऱ्यात संख्याशास्त्र आणि व्यवहारातल्या प्रश्नांना गणिती रूप देण्यावर. दोन्ही हायरला घेता येतात, दोन्ही स्टँडर्डलाही. दोन्हींचे गुण ७ पैकीच. म्हणून घरच्यांना वाटते, जे सोपे जाईल ते घ्यावे, गुण तरी चांगले मिळतील.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने असेच केले. दुसऱ्या प्रकारचे गणित, तेही स्टँडर्ड लेव्हलला. गुण उत्तम मिळत होते. बारावीच्या दिवाळीत तिच्या मनाने घेतले की जर्मनीत मेकॅनिकल इंजिनियरिंग करायचे. हुशार मुलगी, जर्मनही शिकत होती. पण जर्मनीत परदेशी शालान्त प्रमाणपत्र कोणत्या अटींवर मानायचे, हे तिथल्या सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवून दिले आहे. आयबीच्या बाबतीत गणित हवेच, ते पहिल्या प्रकारचे किंवा दुसऱ्या प्रकारचे असेल तर हायरचे. सोबत भौतिक, रसायन किंवा जीवशास्त्र हवे. शिवाय गणित आणि विज्ञान यांतला एक तरी विषय हायरला असावा लागतो. तिचे गणित या चौकटीत बसेना. परीक्षेला सहा महिने उरलेले असताना गणित बदलणे शक्य नव्हते. ती आता इथेच डिझाइनची पदवी करते आहे आणि त्यात रमली आहे. पण तिला बंद झालेले दार अकरावीच्या पहिल्या आठवड्यात, एका फॉर्मवरच्या एका खुणेने बंद झाले होते, आणि ते बंद झाल्याचे तिला दीड वर्षाने कळले.

असे इतर विषयांतही आहे. इंग्लंडमधल्या अनेक मेडिकल स्कूल्सना रसायनशास्त्र हायरला लागते, अनेकांना सोबत जीवशास्त्रही. इंजिनियरिंगला बहुतेक चांगल्या विभागांत गणित आणि भौतिक दोन्ही हायरला. अर्थशास्त्राच्या पदवीलाही कित्येक ठिकाणी अर्थशास्त्रापेक्षा हायरच्या गणिताचा आग्रह जास्त असतो, हे पालकांना आश्चर्याचे वाटते.

आणि आपल्या देशातल्या दारांचे काय? इथे तर अधिकच जपायला हवे. आयबीचा डिप्लोमा भारतात बारावीला समकक्ष म्हणून १९८३ पासून असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजने मान्य केला आहे. परंतु इथे एमबीबीएसला जायचे तर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही लागतात, नीट द्यावी लागते. आयबीच्या नेहमीच्या रचनेत दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित आणि सहावा एखादा आवडीचा विषय असतो. म्हणजे विज्ञाने दोनच बसतात. तीन हवी असतील तर शाळेमार्फत खास परवानगी मागावी लागते, तीही अभ्यासक्रम सुरू होतानाच. 'परदेशी नाही जमलं तर इथे मेडिकलला घालू' असे म्हणणाऱ्या घरांनी हे कागदावर पडताळून घ्यायला हवे. समकक्षतेच्या कारभारातही बदल होत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये परदेशी प्रमाणपत्रांसाठी स्वतंत्र नियमावली काढली. म्हणून शेजारच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय लागले यावर विसंबू नये, आपल्या वर्षाचा नियम पाहावा.

आता दुसरी गोष्ट, अंदाजाच्या गुणांची. हिलाच 'प्रेडिक्टेड ग्रेड्स' म्हणतात.

आयबीची परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पण इंग्लंडचे अर्ज त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात आणि जानेवारीत बंद होतात. मग विद्यापीठ पाहते काय? तर विषय शिकवणाऱ्या शिक्षकाने दिलेला अंदाज. हा विद्यार्थी मे महिन्यात बहुधा किती मिळवील, याचा. त्यावर विद्यापीठ सशर्त प्रवेश देते. उदाहरणार्थ, 'एकूण ३८ आणि तीन हायर विषयांत ६, ६, ६ मिळाले तर जागा तुझी.' जुलैत तेवढे मिळाले तर प्रवेश पक्का. नाही मिळाले तर जागा जाऊ शकते.

आपल्या मनाला हा प्रकार विचित्र वाटतो. आपला विश्वास बोर्डाच्या सीलबंद पेपरावर. वर्गशिक्षकाच्या अंदाजावर मुलाचे भवितव्य ठरावे, हे पटत नाही. मग काही पालक शाळेत जाऊन गळ घालतात, "एक-दोन गुण जास्त लावा, तुमचं काय जातं?" जाते ते मुलाचेच. अंदाज फुगवला की अर्ज अवघड ठिकाणी जातो, अटही तेवढीच उंच लागते आणि जुलैत मूल तोंडघशी पडते. शिवाय ज्या शाळेचे अंदाज दरवर्षी फसतात, तिच्या शब्दाला विद्यापीठात किंमत राहत नाही. त्याची झळ पुढच्या तुकडीला बसते. अंदाज खरा असावा यातच हित आहे.

हा अंदाज ठरतो अकरावीच्या वर्षअखेरच्या परीक्षेवर आणि बारावीच्या पहिल्या काही महिन्यांतल्या कामावर. म्हणजे आपल्याकडे जी अकरावी 'विश्रांतीचे वर्ष' म्हणून ओळखली जाते, तीच इथे खरी परीक्षा. दहावीनंतर थोडे सैल सोडून बारावीत कंबर कसायची ही आपली रीत इथे फार महाग पडते.

करोनाच्या वर्षी हे आणखी स्पष्ट दिसले. मे २०२०ची आयबीची लेखी परीक्षा रद्द झाली. वर्षभरातले प्रकल्प, शाळेचे अंदाज आणि शाळेच्या आधीच्या वर्षांच्या निकालांची आकडेवारी यांवरून गुण काढले गेले. त्यावर जगभर नाराजी झाली आणि आयबीला ऑगस्टमध्ये गुणांत सुधारणा करावी लागली. त्या गोंधळातही ज्यांचे वर्षभराचे काम नीट होते, त्यांच्या हातात सांगण्यासारखे काही तरी होते.

तिसरी गोष्ट तारखांची. देशागणिक त्या वेगळ्या आहेत.

इंग्लंडमध्ये सगळ्या विद्यापीठांचा अर्ज एकाच ठिकाणी करायचा असतो. ती संस्था म्हणजे युकास. एका अर्जात पाच पर्याय. मेडिकलसाठी मात्र त्यांतले चारच. ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेडिकल, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक यांची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर संपते. बाकीची मुख्य मुदत जानेवारीत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. मेडिकलला बहुतेक ठिकाणी युकॅट नावाची चाचणी लागते, ती जुलै ते सप्टेंबरमध्येच द्यायची. म्हणजे ज्याला इंग्लंडात डॉक्टर व्हायचे आहे त्याची तयारी अकरावी संपतानाच सुरू झालेली असली पाहिजे. उत्तरे आली की मुलाने दोन पर्याय राखायचे, एक पहिल्या पसंतीचा आणि एक हाताशी ठेवायचा. हा दुसरा पर्याय पहिल्याहून कमी गुणांच्या अटीचा असावा, हे उघड आहे. तरी कित्येक जण दोन्ही ठिकाणे सारख्याच उंचीची घेतात. मग जुलैत दोन्ही एकदमच हातची जातात.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे बहुसंख्य नामांकित कॉलेजे 'कॉमन अॅप्लिकेशन' हा सामाईक अर्ज घेतात. तो ऑगस्टमध्ये खुला होतो. लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत साधारण नोव्हेंबरच्या आरंभी, इतरांची जानेवारीच्या आसपास. 'अर्ली डिसिजन' नावाचा प्रकार बंधनकारक असतो. तिथे निवड झाली की इतर अर्ज मागे घ्यायचे, हे कबूल करून पालकांनीही सही केलेली असते. अमेरिकन कॉलेज फक्त बारावी पाहत नाही, नववीपासूनची चारही वर्षे पाहते. शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उद्योग आणि साडेसहाशे शब्दांपर्यंतचा एक निबंध हेही पाहते. सॅट परीक्षेचे नियम तर अलीकडे दर वर्षी बदलले. २०२० मध्ये बहुतेकांनी ती ऐच्छिक केली. एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली आणि २०२४ मध्ये हार्वर्ड, येल, ब्राउन, डार्टमथ यांनी पुन्हा चाचणीचे गुण मागायचे ठरवले.

निबंधाबद्दल दोन शब्द. इंग्लंडच्या अर्जातही मुलाने स्वतःविषयी लिहायचे असते. २०२६च्या प्रवेशांपासून तिथे सलग निवेदनाऐवजी तीन ठरावीक प्रश्नांची उत्तरे मागतात. हा विषय का, त्यासाठी आजवर काय शिकलास, आणि शाळेबाहेर काय केलेस. पार्ल्यात असे निबंध पैसे घेऊन लिहून देणारे आहेत, आणि आता संगणकही लिहून देतो. युकास प्रत्येक निवेदन इतरांशी ताडून पाहते हे सोडा, पण दुसऱ्याने लिहिलेल्यात मूल दिसत नाही ही खरी अडचण. आनंदीबाई जोशींचे उदाहरण मला नेहमी आठवते. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला गेल्या. आज मागतात तसले शालान्त प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते. आपण काय शिकलो आहोत आणि आपल्या देशातल्या स्त्रियांसाठी डॉक्टर का व्हायचे आहे, हे त्यांनी पत्रातून मांडले. पेनसिल्व्हानियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना घेतले आणि १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या. 'कशासाठी' या प्रश्नाचे खरे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याचा निबंध साध्या इंग्रजीतही उभा राहतो.

आता पैशाचे बोलू. मराठी घरात हा विषय शेवटी, हळू आवाजात निघतो. तो सर्वांत आधी निघायला हवा.

अमेरिकेत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकीच ठिकाणे परदेशी मुलाची निवड करताना तो मदत मागतो आहे की नाही हे पाहत नाहीत. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली की निवड अवघड होते. इंग्लंडात पदवीच्या पातळीवर परदेशी मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती विरळाच. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिक्षण शुल्क नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून दर सत्राला १५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लावले. शिवाय राहण्या-जेवण्याच्या खर्चाची तजवीज म्हणून व्हिसाआधी खात्यात रक्कम अडकवून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती वर्षाला ११,९०४ युरो झाली.

आपल्याकडच्या मदतीचा मोठा भाग पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे, हेही लक्षात घ्या. १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट कर्जरूप शिष्यवृत्ती देते ती पदव्युत्तर शिक्षणासाठी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तीही मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएच. डी. साठी. म्हणजे बारावीनंतर जाणाऱ्याला बहुधा घरच्या पैशावर किंवा बँकेच्या कर्जावर जावे लागते. इथे पदवी करून मग जाणाऱ्याला जास्त हात मिळतात. परांजपे आणि आंबेडकर हे दोघे शिष्यवृत्तीवर गेले, आणि पदवीनंतर गेले. घर विकून अठराव्या वर्षी जाण्यापेक्षा एकविसाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर जाणे यात कमीपणा नाही.

म्हणूनच एचएससीच्या मुलांनी, 'आपण साधे बोर्ड केले, आपला रस्ता बंद' असे मानू नये. इंग्लंडमधली काही विद्यापीठे भारतीय बारावी थेट घेतात, काही एक वर्षाचा फाउंडेशन अभ्यासक्रम करायला सांगतात. जर्मनीत भारतीय बारावीवर थेट प्रवेश नसतो. पण इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचे पहिले वर्ष उत्तीर्ण केले, किंवा जेईई अॅडव्हान्स्डमध्ये पात्र ठरले, की वाट उघडते. साठ्ये किंवा मिठीबाईत बी. एस्सी.चे पहिले वर्ष चांगले करणाऱ्या मुलालाही तो रस्ता आहे. आयबीच्या दोन वर्षांच्या फीमध्ये इथली अख्खी पदवी होऊन पैसे उरतात, हा हिशेब घरी एकदा करून पाहावा.

स्टेशनबाहेर पाट्या लावून बसलेल्या सल्लागारांकडे जायचे तर एक प्रश्न अवश्य विचारा, "तुम्हाला पैसे कोण देतं, आम्ही की विद्यापीठ?" अनेक एजंटांना विद्यापीठांकडून कमिशन मिळते. त्यात बेकायदा काही नाही, पण मग ते ज्या विद्यापीठाचे नाव पुढे करतात ते मुलासाठी की कमिशनसाठी, हे आपल्याला समजलेले बरे.

परतीची वाटही आखून ठेवावी. २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. २०२५ च्या मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे काही आठवडे थांबवले, आणि प्रवेश मिळालेली मुले तारखेकडे डोळे लावून बसली. यात मुलाचा दोष काडीचाही नव्हता. आपल्या कॉलेजांच्या गुणवत्ता याद्या बारावीच्या निकालापाठोपाठ लागतात, आयबीचा निकाल मात्र जुलैत येतो. म्हणून इथल्या दोन-तीन ठिकाणी आधीच चौकशी करून ठेवावी. केंब्रिजवाल्यांना एक सोय आहे. भारतातल्या शाळांसाठी त्यांची मार्चमध्येही परीक्षा होते आणि निकाल मे महिन्यात हाती येतो.

हे सगळे ऐकून एखाद्याला वाटेल, केवढा हा व्याप. पण व्याप वाटतो तो शेवटच्या सहा महिन्यांत एकदम अंगावर घेतला तर. अकरावीचे विषय ठरवण्याआधी, म्हणजे दहावीच्या दिवाळीच्या सुटीत, दोनशे पानी वही घेऊन मुलासह बसा. त्याला आवडतील असे तीन अभ्यासक्रम आणि तीन देश लिहा. प्रत्येकापुढे त्या त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या माहितीपत्रकातून तीन गोष्टी उतरवा : कोणते विषय कोणत्या पातळीवर लागतात, अर्जाची तारीख कोणती, आणि चार वर्षांचा एकूण खर्च किती. चौथ्या रकान्यात, हे नाही जमले तर इथे काय. दोन रविवारांचे काम आहे. या वहीतून बहुधा असे निघते की दोन-तीन विषय सगळीकडेच लागतात. ते घेतले की पुष्कळशी दारे उघडी राहतात आणि मुलाला मन बदलायला जागा मिळते. सोळाव्या वर्षी मन बदलणे हा त्याचा हक्कच आहे.

दीक्षित रोडच्या पालिकेच्या शाळेचा उल्लेख मी आधी केला. तिथल्या अगदी लहान वर्गांतली मुले अकरावीच्या वयाची होतील तेव्हा त्यांच्यापुढेही हेच फॉर्म येतील. त्यांचे आईवडील कोणी रिक्षा चालवणारे, कोणी घरकाम करणारे असतील. महागडा काउन्सेलर त्यांना परवडणार नाही. पण या वाटेवरची जवळजवळ सगळी माहिती विद्यापीठे स्वतःच फुकट छापतात. ती वाचून मराठीत समजावून सांगणारे कुणी तरी हवे. पार्ल्यात निवृत्त शिक्षकांना तोटा नाही, ग्रंथालये आहेत, सभागृहे आहेत. वर्षातून एक रविवार दहावीच्या मुलांसाठी हे काम आपण गल्लीगल्लीत करू शकतो. मुले परदेशी जातील की इथेच राहतील हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मात्र ते ठरवण्याची वेळ निकालानंतर नव्हे, निकालाच्या दोन वर्षे आधी येते, एवढे त्यांना वेळेवर सांगणे आपल्या हातात आहे.